शून्याआधीचा एक

ती मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तोंडावर मी तिला अक्का म्हणायचे, तुम्ही म्हणायचे. मनात मात्र ती नेहमी 'ती'च राहिली. म्हणून इथेही तिच्याबद्दल एकेरीच लिहिते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जळगावला पिंप्राळ्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी व्हिडिओ लायब्ररी चालवायचे. नवरा पाइपच्या कारखान्यात होता, लायब्ररी सगळी माझी. दर पंधरा दिवसांनी एसटीने धुळ्याला जायचे आणि तिथल्या व्यापाऱ्याकडून नव्या कॅसेटी निवडून आणायचे. बाकीचे लायब्ररीवाले व्यापारी देईल ते पिशवीत भरायचे. मी त्याच्या दुकानात स्टुलावर बसून एकेक कॅसेट लावून बघायचे, निदान मध्यंतरापर्यंत. तो कंटाळायचा. "बाई, विकत घेताय की पिक्चर बघायला आलाय?" म्हणायचा. मी हलायचे नाही. मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नव्हते, पण सिनेमा मला कळतो असं मला वाटायचं, आणि माझ्याजवळ अभिमान धरावा असं तेवढंच होतं.

गिऱ्हाईक आलं की एकच प्रश्न विचारायचं, "कसा आहे?" दिवसभर उत्तरं देऊन तोंड दुखायचं. म्हणून मी एक जाड वही आणली, तिला सुतळी बांधून काउंटरच्या खिळ्याला टांगली आणि रकाने आखले: कॅसेटचं नाव, दहापैकी गुण, शेरा. ज्यानं बघितला त्यानं लिहायचं. लोकांना ते फार आवडलं. "गाणी झकास." "आई रडली." "फायटिंग कमी, बाकी ठीक." कापड दुकानवाले शेठ मारवाडी वळणाच्या मराठीत लिहायचे, आणि त्यांचे गुण कधी आठाच्या खाली जायचे नाहीत. पहिले दोन महिने वही वाचायलाच लोक यायचे.

मग समोरच्या घरात ती राहायला आली. प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका, नुकतीच निवृत्त झालेली, एकटी. पहिल्याच दिवशी तिने उभ्याउभ्या अख्खी वही वाचली. मग पिशवीतून लाल रिफिलीचं पेन काढलं आणि लोकांच्या शेऱ्यांतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. मी बघतच राहिले. शेठजींच्या "फार छान"च्या बाजूला तिने लिहिलं, "आपणांस सर्वच छान वाटते." मग एक नवी कोरी कॅसेट घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आणून लिहिलं, "दहापैकी एक. तोही ध्वनी स्पष्ट असल्याबद्दल."

"अक्का, इतका वाईट होता?" मी विचारलं.

"ही निवडली कोणी?"

"मीच."

"दिसतंच आहे," ती म्हणाली आणि छत्री उघडून निघून गेली.

त्या दिवसापासून आमचं जुंपलं. ती आठवड्याला तीन कॅसेटी न्यायची. सगळ्या नव्या, आणि सगळ्यांत आधी तिलाच हव्या. एक, दोन, फार तर तीन गुण. विनोदी सिनेमाला तिने लिहिलं, "हसू आले, ते दिग्दर्शकाचे." लोक वाचून हसायचे आणि कॅसेट परत फळीवर ठेवायचे. बघता बघता अशी वेळ आली की गिऱ्हाईक वही उघडायचं आणि फक्त लाल शाई शोधायचं. दहा जणांनी छान म्हटलं असलं तरी तिच्या एका ओळीपुढे त्यांची किंमत नव्हती. मी धुळ्याहून अडीच तास धक्के खात आणलेली कॅसेट तिच्या एका दुपारीत मरायची.

तिला निदान एवढं कळायला हवं होतं की समोर माणूस बसलंय. एकदा मी धुळ्याहून आले, पिशवी अजून खांद्यावरच होती, आणि वहीत नवा शेरा दिसला. कुठल्याच कॅसेटपुढे नव्हता, पानाच्या तळाशी होता. "दुकानदारबाईंना चित्रपट कळत नाही. कव्हर पाहून आणतात." खाली सही. दुकानात तेव्हा तीन-चार बायका होत्या. त्यांनी वाचलेलं होतं, हे त्यांच्या तोंडांवरून कळत होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि आत जाऊन मोरीत तोंड धुतलं. बराच वेळ धुतलं.

नवरा म्हणाला, "वही काढून टाक." मी म्हटलं, "तिला घाबरून? मुळीच नाही."

त्याच पिशवीतून मी एक कॅसेट आणली होती, तिच्यावर माझा फार जीव होता. कव्हरवर भरलेलं घर, सगळे हात जोडून उभे. व्यापाऱ्याकडे मध्यंतरापर्यंत बघितली होती: सुनेचा गृहप्रवेश, देवघर, अंगणातलं गाणं. मला वाटलं, ही तरी तिला आवडेल. खरं सांगायचं तर तिला आवडावी म्हणूनच आणली होती. ती घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी आली, काउंटरवर कॅसेट ठेवली आणि वहीत काढलं एक शून्य. शेऱ्याच्या रकान्यात नुसती आडवी रेघ.

"काही लिहिलं नाही?" मी म्हटलं.

"लिहिण्यासारखं नाही."

ती गेली. पेन मात्र काउंटरवर विसरली. दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी ते लाल पेन उचललं आणि शून्याच्या डावीकडे एक काढला. १०. छातीत थंड वाटलं. संध्याकाळपर्यंत चार जणांनी कॅसेट मागितली. "अक्कांनी दहा दिले?" असं म्हणत लोक एकमेकांना वही दाखवत होते. नेणारे मात्र परत देताना शेरा न लिहिताच निघून गेले, आणि मीही विचारलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आमच्याच गल्लीतले एक गृहस्थ आले. पाटबंधारे खात्यात कारकून होते, साधा माणूस. त्यांच्या मोठ्या मुलीला बघायला फैजपूरहून लोक येणार होते. घरचे केळीचे मळे असलेलं तालेवार स्थळ. पाहुणे दिवसभर थांबणार, म्हणून त्यांनी व्हीसीआरही भाड्याने घेतला. त्यांनी वही उघडली, त्या दहावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अक्कांचे दहा! मग विचारायलाच नको. घरंदाज असणार."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. उत्तरार्ध मी बघितलेला नाही, एवढं जरी सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी कॅसेट कव्हरमध्ये घातली आणि त्यांच्या हातात दिली. "रिवाइंड केलेली आहे," मी म्हणाले.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. चहा-पोहे झाले, मुलीला प्रश्न विचारून झाले, स्वयंपाकाला वेळ होता म्हणून सिनेमा लावला. मुलाचे आईवडील, काका, म्हातारे आबा, सगळे सतरंजीवर. मध्यंतरानंतर त्या सिनेमात थोरला दीर धाकट्या सुनेला कोठीच्या खोलीत गाठतो. तो प्रसंग लांबलचक होता आणि दाखवायचं नाही ते सगळं दाखवलेलं होतं. मुलगी पाण्याचे पेले घेऊन दारात उभी. बापाने घाईघाईने उठून बटण दाबलं, ते चुकीचं. चित्र तिथेच थांबलं, नेमकं तिथेच. मग त्यांना काही सुचेना. शेवटी वायर ओढून काढली. पाहुणे जेवले आणि लगेच निघाले. आठवड्याने निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळवून झाली होती.

त्या मुलीची आई तडक अक्काच्या दारात गेली. तिचं माहेर धुळ्याकडचं, रागावली की बोली बाहेर यायची. माझ्या काउंटरवरून सगळं ऐकू येत होतं. तुमच्या शब्दावर आणली होती ती कॅसेट, दहा गुण दिलेत, या वयात असलं बघता आणि वर लोकांना सांगता? गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. अक्काने एकदाही तिला थांबवलं नाही. तिचं बोलून झाल्यावर पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "चला माझ्याबरोबर."

दोघी दुकानात आल्या. अक्काने वहीचं ते पान काढलं, डोळ्यांजवळ धरलं.

"हा एक माझा नाही."

मी म्हटलं, "वही उघडीच असते अक्का. कोणी काढला, मला काय माहीत?"

"पस्तीस वर्षं पोरांना एक गिरवायला शिकवलं मी. माझा एक असा नसतो." मग तिने काउंटरकडे बघितलं. तिचं लाल पेन माझ्या पेनांच्या डब्यात उभं होतं. फेकून देण्याचंही मला सुचलं नव्हतं. तिने ते उचललं, पिशवीत ठेवलं. ते मला शिवीपेक्षा लागलं.

मुलीची आई आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे बघत होती. तिला उशिरा उमगलं. "तू?" ती म्हणाली. "काय भेटनं तुले, बाई? काय भेटनं?"

तेव्हा माझा तोल सुटला. "हो, मीच काढला," मी ओरडले, पण तिच्यावर नाही, अक्कावर. "दोन वर्षं तुम्ही मला लोकांसमोर ओरबाडताय. मला सिनेमा कळत नाही म्हणून लिहिलंत. आणि जिथे खरंच लिहायचं होतं तिथे रेघ ओढलीत! चार शब्द लिहिले असते, घरात लावू नका म्हणून, तर मी तरी असं केलं असतं का?"

अक्काचा चेहरा उतरला. तेवढं मी बघितलं, आणि मला आनंद झाला. आजही तो आनंद आठवतो, लाज वाटते तरी आठवतो. मग ती सावकाश म्हणाली, "मी लिहिलं नाही, ते माझं मी बघेन. तू तुझ्या हाताचं बघ."

"आता इथे खाली लिही," तिने वही माझ्यापुढे सरकवली. "हा आकडा मी बदलला, आणि सही कर."

मी केली नाही. वही सुतळीतून ओढून काढली आणि आत नेऊन ठेवली.

नवऱ्याने संध्याकाळी सगळं ऐकून घेतलं. "माफी माग दोघींची," म्हणाला. मी म्हटलं, "मुलीच्या आईची मागेन. तिची नाही." तो आठ दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. गिऱ्हाईक तुटलं. शेठजी तेवढे येत राहिले, पण तेही कॅसेट उलटसुलट करून विचारायचे, "बहनजी, पूर्ण बघितला ना तुम्ही?" मी हो म्हणायचे, आणि आता ते खरं असायचं. धुळ्याच्या त्या व्यापाऱ्याकडे मी शेवटच्या पाटीपर्यंत बसायला लागले. त्याने एकदा पंखाच बंद केला. मी घाम पुसत बसले.

महिन्याभराने मी त्या मुलीच्या घरी गेले. दार तिनेच उघडलं. आई मंडईत गेली होती. तिने आत बोलावलं नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून जे पाठ करून आले होते ते बोलले. ती कडीवर हात ठेवून ऐकत होती.

"काकू," ती म्हणाली, "मला त्या घरी जायचंच नव्हतं. मुलाने मला एकच प्रश्न विचारला, नोकरी करायचं डोक्यात नाही ना म्हणून."

माझ्या तोंडातून सुटकेचा श्वास गेला असावा. तिने तो ऐकला.

"पण म्हणून तुम्ही बरं वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "माझे वडील अजून मान वर करून बसत नाहीत घरात. ते काही तुम्हाला माहीत नव्हतं, मला जायचं नव्हतं ते. तुम्ही तुमच्यासाठी केलं." आणि दार लावलं. आपटलं नाही, नीट लावलं.

अक्का नंतर दुकानात आली नाही. स्टेशनकडच्या लायब्ररीतून कॅसेटी आणायची. पिंप्राळ्याहून तिथवर चालत, मे महिन्यातही, छत्री घेऊन. माझ्या दुकानासमोरूनच जायची. कॅसेट पिशवीत नाही, हातात धरून, मला दिसेल अशी. मला राग यायचा आणि ती कुठली कॅसेट आहे हेही बघायचा मोह व्हायचा. एकदा तिच्या हातात माझ्या फळीवर असलेलीच कॅसेट होती. त्या दिवशी मी जेवले नाही. आम्ही समोरासमोर चार वर्षं राहिलो आणि एक शब्द बोललो नाही. हळदीकुंकवाला एकाच सतरंजीच्या दोन टोकांना बसायचो. बायका मधे जागा सोडायच्या.

मग गल्लीत केबल आली. ज्या खांबावरून पहिली वायर गेली तो आमच्याच दारातला. कॅसेटी धूळ खायला लागल्या. त्याच सुमारास नवऱ्याचा कारखाना बंद पडला आणि त्याला धुळ्याला काम मिळालं. लायब्ररी मी आवरली. वाईट वाटलं ते दुकानाचं नाही. गल्लीत मला आता कोणी "कसा आहे?" असं विचारत नव्हतं, त्याचं वाटलं.

सामानाचा टेम्पो भरला तेव्हा ती फाटकात उभी होती. मी पुढच्या सीटवर जाऊन बसले, काच वर केली. नवरा मात्र रस्ता ओलांडून गेला, तिला वाकून नमस्कार केला. काच होती तरी आवाज आला. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा असाच तिचा आवाज होता.

"सुखी राहा तुम्ही," ती म्हणाली.

नवऱ्याला ती आजवर 'तू' म्हणत आली होती, हे मला टेम्पो वळल्यावर लक्षात आलं. मग हे 'तुम्ही' त्याला एकट्याला मान देऊन म्हटलेलं, की आम्हा दोघांना? जन्मभर व्याकरण शिकवलेली बाई होती, तिला नक्की माहीत असणार. नवरा म्हणाला, "दोघांनाच म्हणाली ना." पारोळ्यापर्यंत तो तेच समजावत होता. मी शेवटपर्यंत हो म्हटलं नाही.