जोनला ‘येतो’ म्हणालो, त्याची गोष्ट

मार्चमधला शुक्रवार, सकाळचे साडेसहा, मस्कतजवळच्या अल अमेरातमागचा एक बोडका डोंगर... आणि पायथ्याशी नवेकोरे बूट घालून मी, वय पंचेचाळीस. इथे शुक्रवारी सुट्टी, म्हणजे माझा झोपायचा दिवस. बाकीचे दिवस माबेला ते ऑफिस आणि ऑफिस ते माबेला गाडी हाकण्यात जातात, त्यामुळे चालणं म्हणजे पार्किंगपासून लिफ्टपर्यंत.

हा सगळा उद्योग बायकोचा. स्मिता मदिनत सुलतान काबूसमधल्या एका शाळेच्या लायब्ररीत आहे आणि तिथे भूगोल शिकवणारी जोन ही इंग्रज बाई तिची मैत्रीण. साठीची, काटक. दर ऑगस्टला आठ-दहा जणांना घेऊन ती उत्तर इंग्लंडच्या डोंगरांत सात दिवस पायी हिंडते. या वर्षी त्यात आम्हा दोघांचीही नावं होती... लग्न झाल्यापासून स्मितानं इतका हट्ट दुसऱ्या कशाचाच धरला नव्हता.

जोन सांगायची, तिकडे पायवाट सरळ कुणाच्याही शेतातून जाते आणि त्या वाटेनं चालायचा सगळ्यांना हक्क असतो. कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात, मेंढ्या नुसत्या बघत बसतात, फक्त फाटक उघडलं तर आठवणीनं लावायचं. मला हे खरंच वाटेना. आमच्या चिपळूणला चुलत्याच्या बांधावर दोन पावलं टाकली तर कोर्टात तारीख पडते!

तर, त्या ट्रिपची ही रंगीत तालीम. तासाभरात उजवा गुडघा बोलायला लागला. स्मिता पुढच्या लोकांबरोबर केव्हाच वर गेली होती. मागे मी, आणि माझ्यासाठी थांबलेली जोन. जिथवर चढायचं होतं ती खिंड समोरच दिसत होती, पण टाच सोललेली, ऊन चढत चाललेलं... मनात म्हटलं, खलास. आता गाडीत जाऊन बसायचं.

गुडघ्यावर हात ठेवून जोनला म्हणालो, “ओके जोन, आय विल कम.”

“टेक युअर टाइम,” ती म्हणाली आणि वर गेली. मी खाली गेलो. एसी लावला, थर्मासमधला चहा प्यायलो, सीट मागे केली आणि ढाराढूर झोपलो.

काचेवर थाप पडली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. बाहेर स्मिता, तिच्यामागे लालबुंद झालेली जोन आणि बाकीचे सगळे घामाघूम. हे लोक वर खिंडीत पाऊण तास माझी वाट बघत उभे होते. फोनला रेंज नाही. मग मी कुठे घसरून पडलोय का, हे बघत जोन वाटेतली एकेक घळ धुंडाळत खाली आली होती. अर्ध्यावर आल्यावर स्मितानं तिला विचारलं, तो नक्की काय म्हणाला? आणि उत्तर ऐकल्यावर ती तडक गाडीकडे निघाली.

“आय विल कम म्हणालास तू तिला?”

“मग काय, जातो म्हणू?” मी अर्धवट झोपेत.

जोनला हसू आलं नाही. तिनं डोकी मोजली, पुन्हा मोजली. मग हळू आवाजात सांगितलं, की तिकडच्या डोंगरात तिच्या ग्रुपमधला एक जण असाच मागे राहिला होता, धुक्यात. तो सापडला तेव्हा उशीर झाला होता. “आय कान्ट टेक यू. आय ॲम सॉरी.”

घरी येताच स्मितानं बूट काढून कपाटात ठेवून दिले. ती ओरडली असती तर बरं झालं असतं... मला स्वतःचीच लाज वाटत होती. मी गेलो नाही तर तीही जाणार नाही, हे मला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात तिनं लायब्ररीत जोनला समजावलं म्हणे. आमच्यात निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही. ते अशुभ. परत यायचंय, म्हणून ‘येतो’. जोननं तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि गुरुवारी मला मेसेज टाकला... उद्या साडेपाच, तोच डोंगर, आणि डोंगरात जे करणार तेच बोलायचं.

दोघंही गेलो. खिंडीत पोचायला दोन तास लागले आणि सबंध वेळ जोन माझ्या मागे. दर दहा मिनिटांनी मी इमानदारीत “आय ॲम स्टॉपिंग” म्हणून दगडावर बसत होतो. वर पोचल्यावर तिनं ट्रिपच्या वहीत माझं नाव पुन्हा लिहिलं. स्मितानं ते वाकून बघितलं आणि खडकाकडे तोंड करून डोळे पुसले.

परवा जोन मस्कत सोडून इंग्लंडला गेली... कायमची. आदल्या संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो तर घरभर खोकी. तिनं तिकडच्या डोंगरांचा नकाशा दिला, पावसात भिजून भिजून कापडासारखा मऊ झालेला. निघताना दारात मी शहाण्यासारखं, शिकवल्याप्रमाणे म्हणालो, “जोन, आय ॲम गोइंग.” इतकं वाईट वाक्य मी आयुष्यात कुणाच्या दारात बोललो नव्हतो.

“नो, नो,” ती मान हलवत म्हणाली. खरं तर जाणारी तीच होती. मग जपून, एकेक अक्षर उचलत... “ये-तो.”

बाईनं ‘येते’ म्हणायचं असतं. स्मिताच्या ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. मीही म्हणालो, “येतो.”

आज ट्रॅफिकमुळे ऑफिसातून घरी यायला दोन तास लागले. गुडघा दुखतोच आहे. सात दिवस चिखल तुडवायचा म्हटलं की आत्ताच अंग मोडून येतं... पण ऑगस्टमध्ये तिकडे एका छोट्या स्टेशनवर एक बाई डोकी मोजायला उभी राहणार आहे. तिला ‘येतो’ म्हणालोय. आता जायलाच हवं.