टाकीतलं खारं पाणी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे समुद्री माशांची टाकी आहे. हौस मुलाची, तो फौजेत गेला आणि टाकी काकांच्या गळ्यात पडली. सांगलीत समुद्र कुठला, म्हणून ते विकतचं मीठ फिल्टरच्या पाण्यात कालवतात. एक रविवार सोडून, गुडघे धरत, टाकीतलं पाव हिश्श्याचं पाणी बदलतात. मुलगा फोनवर दर वेळी तेच विचारतो आणि काका तेच सांगतात, "बदललं रं. हायत तुझं मासं."

आलेगेले म्हणतात, रोज ताजं पाणी घाला की. काका कंटाळलेल्या आवाजात म्हणतात, "लय पाणी दिलं की वाटोळं हुतंय."

त्यांचं नदीकाठी उसाचं रान होतं. पाणी पाजून पाजून त्यात मीठ फुटलं, आता तिथं गवतही धरत नाही. हे मला काकूंनी सांगितलं.

परवा ते टाकीतून काढलेल्या पाण्याची बादली घेऊन जिना उतरत होते, पायरीपायरीला थांबत. मला बघवेना. म्हणालो, "आवं काका, ओता की दारातल्या जास्वंदीला. रस्त्यापलीकडच्या गटारापर्यंत कशाला जाताय?"

त्यांनी बादली खाली ठेवली. दम खात जास्वंदीकडं बघत राहिले.

"न्हाई गड्या. एक रान घालवलंय मी. बास झालं तेवढं."

आणि बादली उचलून ते रस्त्याकडं निघाले.