गोड वासाचं पाणी

माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आधीच सांगून टाकते. वीस वर्षं उल्हासनगरच्या शाळेत सहावीचे वर्ग घेतेय. एका हाकेत अख्खा वर्ग गप्प करायची सवय लागली की तोच आवाज घरीही निघतो. नवरा म्हणतो, त्याला काही वाटत नाही. तो अंबरनाथला कारखान्यात दिवसभर मशीनच्या शेजारी उभा असतो, तेव्हा त्याचं खरंही असेल. पण सासूबाई मशीनजवळ काम करत नाहीत, आणि हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

आम्ही बदलापूरच्या बेलवलीत राहतो. सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांचं माहेर अंबरनाथजवळचं मोरिवली, आणि त्यांची थोरली बहीण मोरिवलीतच दिलेली. चारी बाजूंनी कारखाने उठले तरी मावशींचं घर अजून जुन्या गावातच आहे, पुढे ओटा, ओट्याला लागून शेवग्याचं झाड. दर रविवारी सकाळी आईंना बाजारात न्यायचं, तिथून म्हावरं घ्यायचं, आणि ते घेऊन मावशींकडे जायचं, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. म्हावरं म्हणजे मासळी. आईंच्या तोंडी मासळी हा शब्द कधी आलेला मी ऐकला नाही. मग दोघी बहिणी ओट्यावर बसून म्हावरं साफ करणार, कालवणात आंबट किती घालायचं यावरून भांडणार, आणि तीन वाजता पोटभर जेवून आई गाडीत घोरत परत येणार. आईंचे गुडघे गेलेत, रिक्षात चढणं-उतरणं होत नाही. त्यामुळे हा रविवार सगळा माझ्या गाडीवर अवलंबून.

गाडी जुनी, सेकंडहँड घेतलेली, पण माझी. लायसन्स चाळिशीत काढलं, म्हणून तिचं मला जरा जास्तच कौतुक. त्या गाडीत आई पुढच्या सीटवर बसायच्या आणि म्हावऱ्याची पिशवी पायाशी ठेवायच्या. मी घाटावरची. आता सुरमईसुद्धा खाते, बोंबीलही खाते, पण नाक अजून घाटावरचंच आहे.

दिवाळीनंतर एकदा शाळेतून येताना गाडीच्या तापमानाचा काटा वर चढला. बोनेट उघडलं तर कूलंटची टाकी रिकामी. कूलंट म्हणजे ते हिरवं पाणी, इंजिन थंड ठेवणारं. मी नवा कॅन आणून भरलं. आठवड्यात परत रिकामी. घराजवळच्या गॅरेजवाल्याने पाइपांचे क्लॅम्प आवळले, रेडिएटरचं झाकण बदललं. तरी पाणी कमी होतच राहिलं. मी रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्रं अंथरून ठेवली. सकाळी कोरडी ठणठणीत. वर्गात एखाद्याच्या डब्यातली पोळी रोज नाहीशी व्हावी आणि कुणाच्याच तोंडाला तूप लागलेलं दिसू नये, तसं झालं.

त्याच सुमारास पुढच्या सीटच्या पायाशी असलेलं मॅट ओलं लागायला लागलं. आणि गाडीत एक वास. आता पुढच्या सीटवर कोण बसतं? पायाशी पिशवी कोणाची असते? मला विचार करायचीही गरज वाटली नाही.

एका रविवारी मोरिवलीहून परत आल्यावर, आमच्या पार्किंगमध्ये, मी मॅट उचललं आणि सुरू झाले. पिशवीखाली दुसरी पिशवी घाला म्हणून कितीदा सांगितलं, पाणी गळतंय, मला रोज याच गाडीतून शाळेत जायचं असतं, पोरं नाकाला रुमाल लावतात. पोरं काही नाकाला रुमाल लावत नव्हती. ते मी रागाच्या भरात जोडलं. वॉचमन ऐकत होता, तळमजल्यावरच्या दोघी बाकावर बसून ऐकत होत्या. आईंनी पिशवी उचलली, तिचा तळ हाताने चाचपला आणि एवढंच म्हणाल्या,

“माज्या म्हावऱ्याला गोड वास कवा आला गो?”

मी म्हटलं, वास तो वासच. आणि मॅट भिंतीवर वाळत टाकलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी किल्ली घेऊन उभी राहिले तर आई मेथी निवडत बसलेल्या. म्हणाल्या, आज नको. त्याच्या पुढच्या रविवारीही आज नको. तिसऱ्या रविवारी मी विचारलंच नाही, आणि त्यांनी सांगितलंही नाही. मावशींचा फोन यायचा, आई आतल्या खोलीत जाऊन हळू बोलायच्या. मला वाटलं, चालू असेल माझी कहाणी. चालू दे. मीही ताठ. नवऱ्याने एकदा मध्ये पडायचा प्रयत्न केला, तेव्हा मी त्याला विचारलं की मॅट तू धुणार आहेस का. तो शिफ्टला निघून गेला.

आता सगळ्यात लाजेची गोष्ट सांगते. त्या तीन आठवड्यांत आई गाडीत बसल्या नाहीत, म्हावऱ्याचा काटासुद्धा गाडीत आला नाही, आणि मॅट तरी ओलंच. वर्गात कुणी असा पुरावा समोर ठेवला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. स्वतःच्या बाबतीत मात्र मी ठरवून टाकलं की पाणी खाली मुरलंय, ऊन पुरेसं लागत नाही, म्हणून सुकत नाही. आरशाला मोगऱ्याच्या सुगंधाची डबी लटकवली. आधीचा गोड वास आणि वर मोगरा, मला शाळेपर्यंत मळमळायचं.

इकडे गॅरेजवाल्याने हात टेकले. म्हणाला, बाहेर गळत नाही म्हणजे इंजिनच पाणी पितंय, हेड खोलावं लागेल, म्हणजे मोठा खर्च. नवऱ्याने जेवताना हळूच सुचवलं की गाडी आता काढून टाकू, तू आपली ट्रेनने जा. आईंचा घास हातात तसाच थांबला. गाडी गेली असती तर मोरिवलीही गेली, हे त्या क्षणी त्यांच्या तोंडावर दिसलं. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. पण रात्री झोप नाही आली.

शाळेच्या मागे, उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये, एका सिंधी मिस्त्रीचं गॅरेज आहे. साठीचा माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. शनिवारी अर्धा दिवस शाळा, तशी मी गाडी घेऊन तिथे गेले. माझी सगळी तक्रार त्याने खाली मान घालून ऐकली. मग टाकीच्या तोंडावर एक पंप बसवला, हवा भरली, आणि आम्ही दोघं पंपावरच्या काट्याकडे बघत उभे राहिलो. काटा हळूहळू खाली येत होता. कुठून तरी दाब सुटत होता. त्याने टॉर्च घेऊन बोनेटखाली प्रत्येक पाइपावरून बोट फिरवलं, वाकून खालून बघितलं. एक थेंब नाही. आता तोही इंजिन उघडा म्हणणार.

त्याने विचारलं ते भलतंच. “टीचर, आगे का काच अंदर से धुंधला होता है क्या?”

होत होता. सकाळी एसी लावला की काचेवर तेलकट थर यायचा आणि पुसून जायचा नाही. मी तोही आईंच्या नावावर मांडला होता, त्या डोक्याला भरपूर तेल लावतात म्हणून.

मिस्त्री गाडीच्या डाव्या बाजूला गेला. पुढचं दार उघडून त्याने मॅट बाजूला केलं, खालचा गालिचा उचकटला आणि पांढरं फडकं आत दाबलं. फडकं बाहेर आलं ते हिरवं. त्याने ते स्वतः हुंगलं आणि माझ्यासमोर धरलं. गोड वास. काकवीसारखा. महिनाभर माझ्या नाकाखाली होता तोच.

हीटर, तो म्हणाला. डॅशबोर्डच्या आत हीटरची जाळी असते, इंजिनाचं गरम पाणी तिच्यातून फिरतं, ती फुटलीय. मी विचारलं, आपल्या गाडीला हीटर असतो? त्याने मला तो लाल-निळा खटका दाखवला. इतक्या वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता. बदलापूर-अंबरनाथमध्ये हीटर कोण लावतो? म्हणूनच तिथे कुणी बघितलं नव्हतं. जे कधी वापरलंच नाही ते बिघडेल कसं, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. आणि कळसा काखेतच होता, रोज माझ्या डाव्या हाताला.

मिस्त्रीने सांगितलं, इथे सगळे एकच करतात. हीटरला जाणारे दोन पाइप बाहेरच एकमेकांना जोडायचे, हीटर कायमचा बंद, अर्ध्या तासाचं काम. मी हो म्हटलं. फडकं मात्र मागून घेतलं. त्याला वाटलं, टीचर प्रयोग दाखवणार असतील मुलांना.

घरी आले. आई स्वयंपाकघरात होत्या. मी फडकं त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं. नेहमी एका दमात बोलणारी मी, तीनदा अडखळले. चूक माझी होती, म्हटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. आईंनी फडकं हुंगलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, ऱ्हाउदे. आनंद नाही, राग नाही. मला वाटलं होतं, दोन शब्द सुनावतील आणि मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या.

मोरिवलीला मावशी ओट्यावर वाट बघत होत्या. मी मान खाली घालूनच उतरले. तीन आठवडे फोनवर काय काय ऐकलं असेल यांनी माझ्याबद्दल! मावशींनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं,

“बरी झाली का गो गाडी? तुजी सासू रोज सांगं, गाडीन पानी ऱ्हात नाय, सून एकटीच धावपळ करते, तिला कशाला रविवारी दगदग.”

आई म्हावरं ओतत होत्या, वर बघितलंही नाही. तीन आठवडे त्यांनी घरात तोंड मिटून धरलं होतं, बहिणीला भेटल्या नव्हत्या, आणि सगळा दोष गाडीवर घातला होता. दोष गाडीचाच होता. हे मला कळायला पंप लागला, काटा लागला, मिस्त्री लागला. मी घरामागे हात धुवायला गेले आणि तिथे मनसोक्त रडून घेतलं. मग डोळे पुसून कालवणावर ताव मारला. भांडण झालंच, त्या दिवशी आंबट जास्त झालं होतं आणि दोघी एकमेकींकडे बोट दाखवत होत्या.

परतताना आई झोपल्या नाहीत. पायावर पाय चोळत बसल्या होत्या. मी एसी कमी केला. त्या सहज म्हणाल्या की थंडीत सकाळी बाजारात जाताना या गाडीत त्यांचे गुडघे फार ठणकतात. बदलापूरची थंडी आमच्या बाजूला जरा जास्तच असते. किती वर्षं त्या तशाच बसत होत्या आणि गरम हवेचा खटका त्यांच्या हाताच्या अंतरावर होता.

दुसऱ्या शनिवारी मी परत मिस्त्रीकडे गेले आणि नवा हीटर बसवायला सांगितलं. त्याला वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झालीय. पूर्ण डॅशबोर्ड काढावा लागेल म्हणाला, दोन दिवस गाडी इथे राहील, आणि लावणार कुठे, बदलापूरला? मी म्हटलं, हो, बदलापूरला. तो हसून सिंधीत स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि पान्यांची पेटी ओढून कामाला लागला.

जानेवारीतला रविवार. काच थंडीने गार पडलेली. आई पुढे बसल्या, रिकामी पिशवी पायाशी. पार्किंगमधून निघताना तळमजल्यावरच्या दोघी दिसल्या, म्हणून मी काच खाली केली आणि मुद्दाम माझ्या सहावीच्या आवाजात सांगितलं की गाडीत पाणी हीटरचं गळत होतं, आमच्या आईंच्या पिशवीचं नाही. वॉचमननेही ऐकलं. आईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या का, ते मला दिसलं नाही.

बाजारातून म्हावरं घेऊन अंबरनाथच्या रस्त्याला लागल्यावर मी खटका लालवर फिरवला. आधी धुळीचा वास आला, मग ऊब. आईंनी चपला काढल्या, पाय पुढे केले आणि डोळे मिटून घेतले. पाच मिनिटं त्यांच्या पायांवर गरम हवा येत राहिली.

मग वास आला. खरा. पिशवीतला बर्फ हीटरच्या पुढ्यात वितळला होता आणि एक बारीक धार नव्या मॅटवरून थेट माझ्या बाजूला निघाली होती. आईंनी एक डोळा उघडून तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बग गो,” त्या म्हणाल्या, “याला म्हनतान म्हावऱ्याचा पानी.”

मी गाडी कडेला घेतली, डिकीतलं फडकं काढलं आणि पुसून टाकलं. हीटर चालूच ठेवला.