करवंदपाड्याच्या टाकीची तीन उद्घाटनं

आमच्या क्लबच्या मिनिट-बुकात प्रत्येक सभेची नोंद आहे. कोण आलं, कोण बोललं, आभार कोणी मानले, सगळं. पण जे खरं घडतं ते त्यात लिहायची सोय नाही, म्हणून ते माझ्याकडे साठत जातं. मी सहा वर्षं क्लबची सेक्रेटरी. डहाणूत माझं औषधांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाईक नसलं की हे एकेक आठवून मी एकटीच हसत बसते. समोरचा चहावाला विचारतो, "मंदाताई, यातलं नेमकं कुठलं औषध घेता?"

सेवा क्लब म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते. महिन्यातून दोनदा जमायचं, कुणाला तरी काहीतरी द्यायचं आणि देताना फोटो काढायचा. फोटोत बॅनर दिसलाच पाहिजे. बॅनर नसेल तर दिलेलं दिलं असं धरत नाहीत.

*

तर हे सगळं प्रकरण दातांपासून सुरू झालं.

तलासरीच्या पुढे डोंगरात करवंदपाडा म्हणून वीसेक घरांचा पाडा आहे. तिथे आम्ही दंत शिबीर घेतलं. आमचे मेंबर डॉ. केतन, दातांचे डॉक्टर. माणूस भला, पण शिकवायला लागला की थांबत नाही. सगळ्यांना ब्रश-पेस्ट वाटली आणि दात कसे घासायचे ते एकेकाकडून करून घेतलं. "आता चूळ भरा. पुन्हा एकदा भरा."

पाण्याचा एकच हंडा होता. तो पंधराव्या चुळीला संपला.

हंडा चैतीबाईचा. साठीची बाई, गुडघे धरलेले, चालताना एका बाजूला झुकते. तिनं सकाळी खालच्या ओहोळाकाठच्या विहिरीवरून तो भरून वर आणला होता. तिनं हंड्यात डोकावून पाहिलं, मग डॉक्टरांकडे पाहिलं.

"डॉक्टर, आता तुमी जा. भरून आना."

आम्हाला वाटलं गंमत करतेय. ती गंमत करत नव्हती. तिनं डोक्यावरची चुंबळ काढून डॉक्टरांच्या हातात दिली.

आणि डॉक्टर गेले! पाऊण तासानं वर आले तेव्हा हंड्यात अर्धं पाणी होतं, उरलेलं शर्टावर. धापा टाकत ते दगडावर बसले. मग म्हणाले, "मंदाताई, दात राहू देत. इथे पाणी वर आणायला पाहिजे."

चैतीबाई म्हणाली, "माजे गुडघे हायत तवर आना."

*

आता ठराव मंजूर करायचा तर सभा पाहिजे, आणि सभा सुरू करायला घंटा पाहिजे. पितळेची एक छोटी घंटा आहे. अध्यक्षांनी ती वाजवल्याशिवाय सभा उघडत नाही आणि पुन्हा वाजवल्याशिवाय संपत नाही. ती अध्यक्षांच्या गाडीत असते.

त्या वर्षी अध्यक्ष होते नगीनभाई. त्यांची फुग्यांची फॅक्टरी आहे. नेमके ते चारोटीला हायवेवर ट्रॅफिकमध्ये अडकलेले, घंटा त्यांच्यापाशी. आम्ही अकराजण बटाटेवडे खाऊन बसलेले. डॉक्टर म्हणाले, चमचा ग्लासवर वाजवू. त्यावर राऊत सर उठले. राऊत सर निवृत्त हेडमास्तर, क्लबची नियमावली त्यांना पाठ. "चमचा वाजवून पंगत उठते, सभा नाही."

शेवटी फोन लावला, स्पीकरवर टाकला. नगीनभाईंनी गाडीत घंटा वाजवली. सभा उघडली. टाकीचा ठराव एकमतानं मंजूर झाला. आभार झाले, आणि नगीनभाईंचा फोन बंद पडला.

समारोपाची घंटा काही वाजली नाही. राऊत सरांच्या मते ती सभा अजून चालू आहे.

*

टाकी बसली. पाच हजार लिटरची, काळी, सिमेंटच्या ओट्यावर. तिच्यावर पिवळ्या अक्षरात क्लबचं नाव.

उद्घाटनाला नगीनभाईंनी टेम्पोभर फुगे आणले. मी म्हटलं, इतके कशाला? "मंदाबेन, फुगा वगर उद्घाटन म्हणजे मीठ वगर दाळ." नाव फोटोत यावं म्हणून टाकी आदल्या दिवशी फिरवून नावाची बाजू रस्त्याकडे केली होती. त्यामुळे टाकीचं पाणी बाहेर पडायचं तोंड गेलं मागे, डोंगराकडे. हे कोणाच्याही लक्षात आलं नाही. आलं असतं तरी नाव फिरवायला कोणी तयार झालं नसतं, हेही खरंच.

फीत कापली, टाळ्या झाल्या. चैतीबाईनं पुढे होऊन टाकीवर बोटानं टकटक केलं. टाकी पोकळ वाजली.

"ही भरायची कशी?"

नगीनभाई म्हणाले, "ए तो नेक्स्ट फेजमध्ये येईल."

चैतीबाई मला म्हणाली, "मंग झाकन उघडं ठेवा. पाऊस तरी यील."

*

नेक्स्ट फेज म्हणजे काय, ते आमच्या क्लबात राहिल्याशिवाय कळत नाही. दर जुलैला अध्यक्ष बदलतो. आणि जुन्या अध्यक्षाचं काम पुढे नेलं तर वरच्या रिपोर्टात ते नवं म्हणून लागत नाही. त्यामुळे आमच्याकडे सुरू खूप होतं.

नव्या वर्षी राऊत सर अध्यक्ष. त्यांनी टाकीचं नावही काढलं नाही. त्यांनी करवंदपाड्यावर व्याख्यान ठेवलं. विषय: पाणी जपून कसं वापरावं. मी म्हटलं, "सर, दुसरा पाडा बघा." पण पत्रिका छापून झाल्या होत्या.

बाया डोक्यावरचे हंडे उतरवून समोर बसल्या. सरांनी वर्गात विचारायचे तसं विचारलं, "सांगा बरं, एका माणसाला दिवसाला किती पाणी लागतं?"

चैतीबाईनं हात वर केला.

"आननाऱ्याला का पिनाऱ्याला?"

चाळीस वर्षं शिकवलेल्या सरांनी खडू खिशात टाकला आणि व्याख्यान तिथेच आटोपलं. परतताना चारोटीला चहा घेतला तेव्हा म्हणाले, "पाइप टाकू. फक्त त्याला टाकीचा प्रोजेक्ट म्हणायचं नाही."

त्याला 'जलवाहिनी' म्हटलं. विहिरीपासून वर टाकीपर्यंत पाइप, आणि टाकीच्या त्या मागल्या तोंडापासून वळसा घालून नळापर्यंत दुसरा पाइप. फीत कुठे बांधायची हा प्रश्न होता, ती पाइपलाच गुंडाळली. सरांनी कात्री चालवली, टाळ्या झाल्या. चैतीबाईनं नळ फिरवून पाहिला. आतून एक पाल बाहेर आली.

मी त्या दिवशी तिच्या नजरेला नजर दिली नाही. तिला काठी लागायला लागली होती.

*

तिसऱ्या वर्षी डॉ. केतन अध्यक्ष झाले. पहिल्याच सभेत म्हणाले, "मला काही नवीन करायचं नाही. मला तो हंडा अजून आठवतो." राऊत सरांनी नियमावली उघडली आणि मग आपणहूनच मिटली.

फेब्रुवारीत पाणी वर चढवायची मोटर बसली, सोलरवर चालणारी. मोटरचं बटण आणि टाकीचा व्हॉल्व्ह असं दोन्ही नळाशेजारच्या एका पत्र्याच्या पेटीत. मेकॅनिकनं पाच मिनिटं चालवून दाखवली. नळाला पाणी आलं. बाया ओरडल्या नाहीत की काही नाही, नुसत्या पुढे येऊन एकेकीनं हात ओला करून घेतला.

आणि आम्ही पेटीला कुलूप लावलं.

कारण उद्घाटन व्हायचं होतं. या वेळी प्रांतपाल येणार होते. प्रांतपाल म्हणजे क्लबातले सगळ्यात वरचे साहेब, चार-पाच जिल्हे त्यांच्या हाताखाली. उद्घाटनाआधी पाणी वापरलं गेलं तर उद्घाटन कसलं, असं वरून कळवलं होतं. किल्ली सेक्रेटरीकडे, म्हणजे माझ्याकडे.

पहिली तारीख मार्चची. साहेबांच्या साडूकडे लग्न निघालं. दुसरी तारीख, साहेबांना परिषद. तिसरी तारीख नुसतीच पुढे गेली, कारणही सांगितलं नाही. ऊन वाढत होतं. दुकानाच्या गल्ल्यात ती किल्ली सुट्ट्या नाण्यांत पडलेली असायची आणि दर वेळी हाताला लागायची. दुकानात नळ सोडला की मला चैतीबाई दिसायची, काठी टेकत ओहोळाकडे उतरणारी. दोनदा मी रिक्षा ठरवली, किल्ली देऊन येते म्हणून. दोनदा डॉक्टर म्हणाले, "ताई, चार दिवस थांबा, आता नक्की आहे." आणि मी थांबले. मला स्वतःची लाज वाटत होती, सरळ सांगते.

*

एप्रिलच्या शेवटी साहेब आले. दहाची वेळ दिली होती, एक वाजता आले. पांढरी सफारी, गळ्यात पदक. बॅनर लागला. नगीनभाईंचे फुगे उन्हानं एकेक फुटत होते आणि प्रत्येक फुग्याला साहेब दचकत होते.

मी किल्ली काढली, कुलपाला लावली. फिरेना. दोन महिने कोणी हात लावला नव्हता, कुलूप गंजून बसलेलं. डॉक्टरांनी जोर लावला. राऊत सरांनी खोबरेल मागवलं. नगीनभाई म्हणाले, तोडून टाका. साहेब घड्याळ बघायला लागले, पुढे सफाळ्याला आणखी एक उद्घाटन होतं.

मला रडूच यायचं बाकी होतं. चैतीबाई काठी टेकत माझ्याजवळ आली.

"ताई, सरा जरा."

ती पेटीच्या मागे गेली. मीही गेले. तिनं मागचा पत्रा दोन बोटांनी धरला आणि बाजूला सरकवला, रोज सरकवत असल्यासारखा. हात आत घातला, व्हॉल्व्ह फिरवला. पुढे नळाला धो धो पाणी आलं.

टाळ्या वाजल्या. डॉक्टर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मोटर तर अजून लावलीच नाही. एवढं पाणी टाकीत कुठनं?" मी त्यांना म्हटलं, "टाळ्या वाजवा."

साहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं, बॅनरकडे वळून फोटो दिला आणि भाषण केलं. आजचा दिवस या पाड्याच्या इतिहासात लिहिला जाईल, म्हणाले. या मातीनं आज पहिल्यांदा नळाचं पाणी पाहिलं, म्हणाले. बाया डोक्यावर पदर घेऊन शांतपणे ऐकत होत्या.

मग सत्कार. पाड्यातर्फे साहेबांना काहीतरी द्यायचं होतं. चैतीबाई पुढे झाली आणि तिनं पदराखालून एक दुधी काढला. हातभर लांब, हिरवागार, देठावर अजून लव असलेला. साहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, फोटोसाठी छातीशी धरला.

"अरे वा! छान आहे. कुठला?"

"हितलाच, साहेब," चैतीबाई म्हणाली. "ह्याच पान्यावरचा. कवळा हाय, आजच करा."