मंदाचे खोटे चार दिवस

नवघरच्या आमच्या चाळीत मंदा लग्न होऊन आली तेव्हा इतकी कमी बोलायची की शेवंतीने ती मुकी असल्याची बातमी नळावर सहा महिने चालवली. मुकी वगैरे काही नव्हती. लांज्याकडची बाई, शब्द जपून वापरायची. नवरा बबन स्टीलच्या कारखान्यात पॉलिशवर आणि मंदा पलीकडच्या गाळ्यात, ताटल्यांना स्टिकर लावून कागदात गुंडाळायच्या कामाला. एकदा मी विचारलं, "दिवसाला किती गुंडाळतेस गं?" तर म्हणाली, "तुम्ही आम्हाला गुंडाळता त्याच्यापेक्षा कमीच, काकू." तेव्हापासून ती मला आवडायला लागली.

तिची एकुलती एक मुलगी दिव्या. २००६ साली ती आठवीत होती, गणितात पहिली. सिल्व्हर पार्कात एका बाईंकडे गणिताच्या क्लासला जायची, एकटी, रिक्षाने. हे 'एकटी' लक्षात ठेवा, आमच्या चाळीने बरोबर लक्षात ठेवलं होतं.

चाळीत नळ एकच. पाणी दुपारी चारला यायचं. आणि चाळीतली रीत अशी, की जिला पाळी आली ती चार दिवस नळाला हात लावणार नाही, दाराशी चटईवर बसणार, तिचा पेला वेगळा. त्यामुळे कुणाचं काय चाललंय हे विचारावं लागायचंच नाही. नळावर कोण नाही एवढं बघितलं की झालं. आता हे बघायचं काम कुणी कुणाला दिलेलं नव्हतं. शेवंती आवडीने करायची. मी तिच्या शेजारी बसायचे, म्हणजे करायचेच.

दिव्या त्याच वर्षी, होळीच्या सुमाराला मोठी झाली. आधी दोनदा वेळेवर बसली, मग दीड महिन्याने. आणि त्यानंतर बसलीच नाही. श्रावण गेला, गणपती गेले, नवरात्र गेलं. पोरगी रोज चारला हंडा घेऊन हजर.

"तीन महिने झाले," शेवंती एक दिवस माझ्या कानाशी म्हणाली. "क्लासला जाते ना ती?"

बस, एवढंच. पण एवढं पुरतं. आठवड्यात ते लांज्याला बबनच्या घरीही पोचलं आणि त्याचा मोठा भाऊ लवू बोरिवलीला एसटीतून उतरून थेट दारात. मंदाने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्याने घेतला नाही.

"पुढच्या रविवारी मी परत जातो," तो म्हणाला. "पोरगी माझ्याबरोबर येणार. दोन सीटा काढल्यात. शाळा-बिळा बास झाली."

बबन भिंतीकडे बघत राहिला. मोठ्या भावापुढे त्याने कधी मान वर केली नव्हती, त्या दिवशी तरी कशाला करेल?

मंदा गप्प बसली नाही. खाडा करून पोरीला पालिकेच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, रक्त काढलं, लघवी तपासायला दिली. ती कशासाठी हे मंदाला कळलं. मला नंतर म्हणाली, "काकू, त्या बाकड्यावर बसून मी माझ्या पोरीच्या तोंडाकडे बघू शकले नाही. मला पण वाटलं. एकदा वाटलंच."

तसलं काही नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिली दोन-तीन वर्षं असं होतं. शरीर अजून शिकतंय. पण तीन महिने झाल्यावर आणलीत हे चांगलं केलंत. रक्त थोडं कमी आहे, गोळ्या देते. तारखा लिहून ठेवा आणि दोन महिन्यांनी परत या."

मंदाने तो कागद घरी येऊन लवूपुढे धरला. त्याने बघितलासुद्धा नाही.

"डॉक्टर काय, तुम्ही सांगाल तसं लिहून देतील. आमच्यात असं नसतं. वेळच्या वेळी बसते तीच पोरगी चांगली."

मग मंदाने आयुष्यातलं पहिलं मोठं खोटं केलं. दोन दिवसांनी, शनिवारी सकाळी, दिव्याला दाराशी चटईवर बसवलं. वेगळा पेला, वेगळी ताटली, सगळं साग्रसंगीत. दिव्या रडत होती, ते तर आणखीच खरं वाटलं. चारला नळावर वासंती आली, बबनच्या चुलतभावाची बायको. तिने दाराकडे बघितलं, शेवंतीने वासंतीकडे बघितलं आणि सगळ्यांचे चेहरे असे उतरले, जणू लग्न मोडल्याचा निरोप आला. लवू मात्र संध्याकाळी पहिल्यांदा घरात जेवला. बुधवारी पोरगी न्हाली. लवू म्हणाला, "बरं. राहू दे हिला शाळेत."

दोन दिवस मंदा नीट झोपली असेल. दोनच.

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, म्हणून मंदा स्वतः नळावर होती. दिव्या वाकून हंडा भरत होती. लवू ओट्यावर बसून विडी ओढत होता. आणि वासंती एकदम ओरडली, "अगं ए पोरी, मागे बघ!"

दिव्याच्या पांढऱ्या युनिफॉर्मला मागे डाग होता.

नळ चालू होता, पण सगळ्यांचे हात थांबले. शेवंती बोटांवर दिवस मोजायला लागली. मोजायला होतं काय? "परवाच तर न्हाली ही! मग ते काय होतं? आणि हे काय आहे?" कुणी तरी मागून म्हणालं, "दवाखान्यात काहीतरी करून आणलंय." लवू उठून उभा राहिला. विडी त्याच्या बोटांत तशीच.

मी सांगते, माझ्या जन्मात मी कुणाची बाजू सावरली नसेल, पण त्या क्षणी त्या पोरीचं तोंड बघवलं नाही. मी म्हटलं, "अगं, मागचंच राहिलं असेल थोडं. होतं असं."

किती सोपं होतं! मंदाने नुसती मान हलवली असती तर भागलं असतं. तिने दिव्याच्या हातातला हंडा घेऊन खाली ठेवला. मग म्हणाली, "नाही काकू. मागचं नव्हतंच काही. शनिवारी मी तिला खोटीच बसवली. आत्ता आलीय ती खरी."

"खोटी?" लवूचा आवाज चिरकला. "मला फसवलंस?"

"हो भावजी. डॉक्टरचा कागद तुमच्या हातात देत होते, तो तुम्ही घेतला नाहीत. चटई टाकली, ती लगेच पटली. मी काय करू?"

शेवंती पुटपुटली, "पण आमच्या सगळ्या हंड्यांना शिवली ती."

"मग धुवा," मंदा म्हणाली. आपली ओढणी दिव्याच्या कमरेला बांधून तिने हंडा पोरीच्या हातात परत दिला. "भर. अर्धाच झालाय."

दिव्याचं निम्मं पाणी बाहेर सांडत होतं. पण तिने भरला. मंदा शेवटपर्यंत लवूकडे बघत उभी होती. आणि काय झालं असेल? भिंतीकडे बघणारा तो बबन घरातून आला, पोरीच्या हातातला हंडा घेतला आणि भावाला म्हणाला, "दादा, ती शाळेत जाणार."

रविवारी लवू एकटाच एसटीत बसला. त्यानंतर दोन वर्षं त्याने या घराची पायरी चढली नाही. मंदाला त्याचं वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. बबनला तर फारच.

दिव्याची पाळी पुढेही बरेच दिवस मनाला येईल तशी यायची. दोघं तिला दवाखान्यात दाखवत राहिले, दहावीपर्यंत बसली घडी. पण मंदाने तिला पुन्हा चटईवर बसवलं नाही. मग वासंतीची पोरगी चटईवरून उठली, मग आणखी एक. आता चारला सगळ्याच नळावर असतात, आणि कुणाचं काय चाललंय ते आम्हा म्हाताऱ्यांना कळायला मार्ग नाही. शेवंती तर अगदी कंटाळून गेलीय.