अर्ध्या खाचराची सावड

रिहे खोऱ्यातल्या साळूबाईला शिसारी यायची ती शेणाची नाही, चिखलाची नाही, की मेलेल्या उंदराचीही नाही. उंदीर ती शेपटीला धरून उकिरड्यावर टाकायची आणि हात धुऊन भाकरी थापायला बसायची. तिला शिसारी यायची अर्धवट कामाची. कुणी अर्धं अंगण झाडून खराटा टाकला, भांडं नुसतं विसळून पालथं घातलं, की तिचं तोंड कारलं चावल्यासारखं व्हायचं. सून रेश्मा नवी आली तेव्हा एकदा सारवण मध्येच सोडून फोनवर बोलायला गेली होती. सासूबाई नुसत्या तिथंच बसून बघत राहिल्या. रेश्मा अजून म्हणते, त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवरा भिवाजी गेला तेव्हा रस्त्याला लागून असलेलं भाताचं एक खाचर साळूबाईच्या वाट्याला उरलं होतं. बाकीचं डोंगराकडचं रान भावकीनं आधीच विकलं होतं आणि त्यावर आता विद्यापीठ उभं होतं. पांढऱ्या इमारती, हिरवळ, आणि फाटकाशी काचेची पेटी. त्या पेटीत विद्यापीठाच्या बातम्या लावलेल्या असायच्या. कुणाचा सत्कार, कुठलं संमेलन, कुणी काय स्वच्छ केलं. ज्यांना इकडं यायला वेळ नसेल त्यांना त्याच बातम्या फोनवर यायच्या. साळूबाईचा मुलगा कैलास तिथली बस चालवायचा, म्हणून त्यालाही यायच्या.

आता या खाचराचं सांगायचं तर घरातला वर्षाचा तांदूळ त्यातूनच यायचा. पिरंगुटच्या दुकानातला तांदूळ साळूबाईला चालायचा नाही. तो शिजतो पण बोलत नाही, असं ती म्हणायची. आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, व्हायची सावडीवर. आमच्याकडे मजुरीला माणूस मिळत नाही आणि मिळाला तरी परवडत नाही, म्हणून बायका सावड घालतात. आज सगळ्या मिळून तुझ्या खाचरात, उद्या सगळ्या माझ्यात. ज्याच्या घरची आवणी त्यानं जेवण घालायचं, आणि ज्याचं आपल्याकडं काम झालं त्याचं आपण फेडायचं. हे कुठं लिहिलेलं नसतं. पण मेलं तरी कुणी चुकवत नाही. सावडीचे वार ठरवायची रत्नाबाई. तिची जीभ विळ्यासारखी, आणि वार एकदा दिला की दिला.

त्या आषाढात कैलास विद्यापीठातून आला तो हसत हसत. मेधा मॅडम म्हणून कुणी बाई तिथं गावाचे कार्यक्रम बघायच्या. त्यांना ‘एक दिवस मातीत’ असा काहीतरी कार्यक्रम करायचा होता, आणि त्यासाठी आवणीचं एक खाचर हवं होतं, रस्त्याला लागून, मागं डोंगर दिसेल असं. पोरं बसभर येतील, सगळं खाचर लावून देतील, म्हणाल्या. कैलासनं आईचं खाचर सांगून टाकलं होतं.

साळूबाईनं पुन्हा पुन्हा विचारलं. त्यांना येतं का? शिकवलं की येईल, कैलास म्हणाला. पुरं करतील का? बसभर हात आहेत आये, जेवणाच्या आत पुरं होईल. मग तिचं मन वळलं. बसभर हात येणार म्हणजे ती सावडच, एवढाच हिशेब तिला कळत होता. आणि एका खाचराला दोन सावडी कशाला, म्हणून ती रत्नाबाईकडं गेली आणि आपला वार सोडून दिला.

रत्नाबाईनं तंबाखू मळता मळता तिच्याकडं बघितलं.

“इद्यापीठाशी सावड घातलीस व्हय? अन् मग फेडायला काय, परीक्षंला बसणार का?”

“बसंन की. तुज्यापरीस बरी पास व्हईन.”

साळूबाईचा वार रत्नाबाईनं स्वतःच्या खाचराला लावून घेतला. इथंच सगळं चुकलं, पण तेव्हा ते कुणाला दिसलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी सासू-सुनांनी दिवस उगवायच्या आत रोप उपटलं, मुठी बांधल्या आणि चिखलात जागोजाग टाकून ठेवल्या. उपटलेलं रोप म्हणजे पाण्याबाहेर काढलेला मासा. ते त्या दिवशी चिखलात गेलंच पाहिजे. घरी तांदळाच्या भाकऱ्यांची चळत, वालाचं कालवण आणि सुकटीची चटणी करून ठेवली होती. जेवणाऱ्यांची सवय माहीत नव्हती म्हणून साळूबाईनं चटणीत तिखट हात राखून टाकलं होतं. पाहुण्याची जीभ, म्हणाली.

बस आली ती दिवस चांगला वर आल्यावर. पोरं उतरली, सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाचे टी-शर्ट, पाठीवर मातीबद्दल काहीतरी लिहिलेलं. आधी गाणं लागलं. मग फ्लेक्स बांधायचा होता. त्यासाठी दोन पोरांनी खाचराच्या बांधातच पहारीनं भोकं पाडून बांबू रोवले. साळूबाई तिकडं धावेपर्यंत मेधा मॅडमनी तिला हाताला धरून फ्लेक्सखाली उभं केलं आणि भाषण सुरू झालं. बाई वाईट नव्हती, हे सांगायला हवं. घसा बसेपर्यंत पोरांना ओरडत होती, आजींच्या पाया पडा, आजींच्या पाया पडा. पोरंही पाया पडत होती. नुसतं पाया पडून आवणी होत असती तर खाचर दोनदा लागलं असतं.

मग पोरं बुटांसकट चिखलात उतरली. डोक्यावर तो फिरता भुंगा, ड्रोन, घोंघावत आला आणि सगळी वर बघून हात हलवायला लागली. आवणी करताना माणूस मागं मागं सरतो, लावलेलं पुढं राहतं. ही पोरं लावायची आणि पुढं चालायची, लावलेल्या रोपावरून. एकानं मूठ सोडलीच नाही, अख्खी मूठ खुंटीसारखी रोवली आणि तिच्याशेजारी बसून फोटो काढला. एक पोरगी खेकडा बघून किंचाळली, तिला धरायला चारजणी धावल्या, आणि त्या धावपळीत लावलेला अख्खा पट्टा मळणी घातल्यासारखा झाला. साळूबाई हात उंच करून ओरडत होती, मागं सरा, मागं सरा. भुंगा तेवढ्यात तिच्या डोक्यावर आला होता.

अर्धं खाचर असं तुडवून झालं आणि कुणीतरी शिट्टी मारली. जेवण. साळूबाईनं भाकऱ्या आणल्या, तर ह्यांचे खोके बसमधून उतरत होते. पोरांनी भाकरी हातात घेतली, तिच्याबरोबर फोटो काढले, कडेचा एक घास मोडला आणि बाकीची बांधावर ठेवून खोके उघडले. दोघातिघांनी मात्र चटणी मागून खाल्ली, ते खोटं कशाला बोलायचं. मग पुढचा कार्यक्रम होता, नदी स्वच्छतेचा. मेधा मॅडमनी साळूबाईला मिठी मारली. म्हणाल्या, मुलांना खूप शिकायला मिळालं. अर्धं खाचर मोकळं पडलं होतं, मुठी उन्हात वाळत होत्या.

“मॅडम, ह्ये राह्यलंय,” साळूबाई म्हणाली.

“हो आजी, पण अनुभव महत्त्वाचा,” मॅडम म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या. कैलासनं आरशात बघितलं, आईशी नजर मिळवली नाही, आणि गाडी काढली.

बांधावर खोके, चमचे, भाकरीचे तुकडे. साळूबाईच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं. ते तुकडे तिनं पदरात गोळा केले आणि म्हशीपुढं टाकले. खोके चुलीतही घातले नाहीत. त्यांचा धूर माझ्या घरात नको, म्हणाली. मग पदर खोचला आणि सून-सासू चिखलात उतरल्या. बस लावून कैलास आला, पँट दुमडून शेजारी वाकला. तिघांनी मिळून दिवस मावळेपर्यंत जेवढं झालं तेवढं केलं. ते फार नव्हतं.

सकाळी पाहिलं तर बांबूच्या भोकांतून बांध फुटला होता आणि खाचरातलं पाणी खालच्या ओढ्याला गेलं होतं. तुडवलेली रोपं उघडी पडून आडवी झाली होती. साळूबाई फुटलेल्या बांधावर बसली. रडली नाही. नुसतं थू म्हणून बाजूला थुंकली.

दुपारी रत्नाबाई आपल्या खाचराची आवणी उरकून तशीच बायका घेऊन आली. डोक्यावर प्लास्टिकचे कागद, हातपाय चिखलानं माखलेले. साळूबाईला वाटलं आता ही बोलणार. पण रत्नाबाईनं आधी बांधात दगड आणि माती दडपली, पाणी अडवलं, आणि खाली वाकल्यावरच तोंड उघडलं.

“काय गं साळे, इद्यापीठात नापास झालीस जनू.”

सगळ्या बायका हसल्या, साळूबाईही हसली. संध्याकाळपर्यंत खाचर उभं राहिलं. पण बरंच रोप मेलं होतं, आणि रस्त्याकडचा एक कोपरा रिकामा राहिला तो राहिलाच. गावानं त्याला लगेच नाव दिलं, विद्यापीठाचा कोपरा.

पुढच्या आठवड्यात नात आरोही शाळेतून आली आणि बापाच्या फोनवर विद्यापीठाच्या बातम्या वाचून दाखवायला लागली. विद्यार्थ्यांच्या हातांनी आजींचं शेत फुललं, असं मोठ्या अक्षरात होतं. खाली भुंग्यानं वरून काढलेला फोटो. हात उंच करून उभी साळूबाई, आणि लिहिलं होतं, विद्यार्थ्यांना आशीर्वाद देताना शेतकरी आजी.

“आशीर्वाद?” साळूबाई म्हणाली. “मी त्यास्नी हाकलत व्हते गं.”

त्याच बातमीच्या शेवटी होतं की विद्यापीठाच्या गाव-मेळाव्यात आजींचा सत्कार होणार. कैलासला मॅडमनी तोंडी पण सांगितलं होतं. त्याला वाटलं आई आता घर डोक्यावर घेईल. पण ती म्हणाली की येते. का म्हणून विचारलं तर म्हणाली, त्यांनी अर्धा दिवस माझ्या खाचरात काढलाय, बरा-वाईट का असंना. त्यांची सावड माझ्या डोक्यावर नको. फेडून येते.

मेळाव्याला ती इरकल लुगडं नेसून गेली, पायात चपला. व्यासपीठावर फुलं, समोर खुर्च्यांवर पोरं. कुणी गाणं म्हटलं, कुणी गाव म्हणजे काय ते सांगितलं. तिला शाल दिली, नारळ दिला. मग सगळे बाहेर हिरवळीवर गेले. तिथं खड्डा आधीच खणून ठेवला होता आणि जांभळाचं रोप तयार होतं. आजींच्या हस्ते वृक्षारोपण. माइक तिच्या तोंडाशी आला. कैलास लांब बसजवळ उभा होता, त्यानं डोळे मिटून घेतले.

“तुमी माजं अर्धं खाचर लावून गेला,” साळूबाई म्हणाली. “सावडीला सावड. मी तुमचं अर्धं झाड लावते.”

तिनं रोप खड्ड्यात ठेवलं, फोटो काढणाऱ्याकडं बघितलं, हात झटकले आणि बाजूला झाली. सगळ्यांना ते फार आवडलं. हसले, टाळ्या वाजवल्या, आणि आजी किती गोड आहेत म्हणत चहाकडं गेले.

साळूबाई फाटकाकडं निघाली. सावड फिटली होती. कैलासच्या काळजावरचा दगड उतरला होता. ती काचेच्या पेटीपाशी पोचली आणि तिचे पाय थांबले. पाठीमागं तो खड्डा उघडा होता, रोप एका अंगाला कललं होतं, आणि ते तिनं केलं होतं. तिच्या तोंडाला तेच पाणी सुटलं, बांधावर सुटलं होतं ते. या खेपेला दुसऱ्या कुणावर थुंकायची सोय नव्हती.

ती परत फिरली. खड्ड्याशी वाकून बघते तर रोपाची काळी प्लास्टिकची पिशवीसुद्धा कुणी काढलेली नव्हती. मुळं आत आवळलेली. म्हणजे तिनं अर्धं केलं होतं, आणि त्यांनी तिच्यासाठी तेही अर्धंच मांडून ठेवलं होतं. तिनं पिशवी फाडली, रोप सरळ धरलं, माती लोटली, चपला काढल्या आणि चारी बाजूंनी पाय देऊन दाबली. शाल खांद्यावरून घसरून चिखलात गेली, ती तशीच राहिली.

मेधा मॅडम कप हातात घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या. खरंच भारावल्या होत्या. फोटोवाल्याला हाक मारली आणि म्हणाल्या, “आजी, एकदाच, परत पाय ठेवता का तिथं? आता फोटो घेतलाच नाही कुणी.”

साळूबाईनं चपला घातल्या. मातीनं भरलेली ती फाटकी पिशवी मॅडमच्या मोकळ्या हातात दिली.

“ह्येचा काढा,” म्हणाली. “माजं पुरं झालं. तुमचं अर्धं राह्यलंय.”

पुढच्या महिन्याच्या बातम्यांत झाड आलं, आजी आली, टाळ्या आल्या. पिशवी आली नाही. कैलासची नोकरी राहिली, कारण आईचा टोला तिथं कुणाला कळलाच नव्हता.

विद्यापीठाच्या कोपऱ्यात त्या वर्षी गवत वाढलं. तेवढा तांदूळ कमी पडला, आणि फाल्गुनात साळूबाईला पिरंगुटचा आणावा लागला. शिजवला, खाल्ला, प्रत्येक घासाला तोंड वाकडं केलं.

पुन्हा आषाढ आला. रत्नाबाई वार वाटायला बसली आणि गंभीर तोंडानं म्हणाली, साळे, इद्यापीठाला कुटला वार देऊ? साळूबाईनं तिच्या हातातली तंबाखूची डबी ओढून घेतली आणि आपला वार मागितला.

आवणीच्या दिवशी बायका मागं मागं सरत रस्त्याकडं येत होत्या. कासार आंबोलीच्या बाजूला जाणारी बस आली, खिडक्यांत एकाच रंगाचे टी-शर्ट. कैलासनं भोंगा वाजवला. साळूबाईनं मान वर केली नाही. तिच्या टाचा तेव्हा त्या कोपऱ्याच्या बांधाला टेकल्या होत्या, आणि हातात शेवटची मूठ उरली होती.