पानावरचा फेस

आषाढातला दुसरा रविवार. आंबोलीच्या राखीव जंगलात हजर: मी, धाकटी बहीण सुमा आणि वाट दाखवणाऱ्या सगुणामावशी.

मी सवयीने वाटेवरचं प्लास्टिक वेचत होते. डबक्यावर झुकलेल्या पानावर पांढरा फेस दिसला. साबणाचा असणार, म्हणून पान ओढून पुसायला गेले, तर मावशींनी मनगट धरलं. "हां हां बाय, ता बेडकाचा घरटा. आत अंडी आसत."

"माझ्या स्वयंपाकघरातले डबेही ही अशीच हलवते, मावशी," सुमा म्हणाली.

जंगल आधीच आवरलेलं होतं. मला ती मांडणी वाचता आली नव्हती. ओढलेलं पान वाटेकडे वळलं होतं. अंडी फुटल्यावर पिल्लं खालच्या पाण्याऐवजी चिखलात पडली असती. मावशींनी काटकी टेकवून ते पुन्हा पाण्यावर आणलं.

पिल्लं पाण्यात उतरली का, हे विचारायला मावशींना फोन करायचा अजून राहिला आहे.